उरलेल्या हाताचा हिशेब



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्या धर्तीवर पुढे गावोगाव व्याख्यानमाला निघाल्या, आणि आज धनजसारख्या गावात, ऊन कलल्यावर, आपण सतरंजीवर बसून व्याख्यान ऐकत आहात. व्याख्याता मात्र सातवीत शाळा सुटलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची निराशा व्हायला नको. माझे शिक्षण जिनिंगच्या आवारात, बाजार समितीच्या ओट्यावर आणि तालुक्याच्या वाचनालयात झाले. पहिल्या दोन ठिकाणी मला प्रश्न भेटले. तिसऱ्या ठिकाणी त्यांतल्या काहींची उत्तरे मिळाली. गेली तीस वर्षे हमाल, जिनिंगमधले मजूर आणि शेतमजूर यांच्या संघटनेचे काम मी करीत आलो आहे. आज जे बोलणार आहे तेही कामगाराच्या बाजूनेच बोलणार आहे.

विषय फलकावर लिहिला आहे : ‘मातीविना शेती आणि अपंगांचे काम’. तो वाचून काही मंडळी हसली असतील. काळ्या मातीच्या मुलुखात येऊन हा गृहस्थ मातीविना शेती सांगतो, म्हणजे नदीकाठी जाऊन तहान शिकविण्यासारखेच झाले! परंतु थोडा धीर धरावा. मला शेतीपेक्षा शेत करणाऱ्या हाताबद्दल अधिक बोलायचे आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतल्या एका मजुराचा उजवा हात रेच्यात गेला. तीन बोटे गेली. कारखान्याचे नाव मी घेत नाही. मालकाचेही घेत नाही. मी आठ महिने फेऱ्या घातल्या. त्या काळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक कोष्टक जोडलेले होते. एका हाताची चार बोटे गेली तर कमाईची शक्ती ५० टक्के गेली, तीन गेली तर ३० टक्के, दोन गेली तर २० टक्के. नुसता अंगठा गेला तरी ३० टक्के. कोष्टक मला पाठ होते. मी त्याप्रमाणे पैसे मिळवून दिले, समझोत्यावर सही केली, आणि त्या रात्री विजयी वीरासारखा झोपलो.

दोन वर्षांनी तो मला एका पारावर बसलेला दिसला. पैसे कर्जात आणि मुलीच्या लग्नात संपले होते. मी विचारले, “कसं चाललंय?” तो म्हणाला, “भाऊ, तुमी बोटायचे पैसे आनून देल्ले, पन हाताले काम नाई देल्लं.”

मंडळी, त्या वाक्याचे उत्तर मजजवळ नव्हते. कारण समझोत्याच्या कागदात, भरपाई घेऊन तो काम सोडील, अशी एक ओळ होती. आणि तिच्याखाली माझीही सही होती. गेले किती, हे मी कोष्टकावरून बरोबर मोजले होते. उरले किती, हे मोजण्याचे मला सुचले नाही. त्याच्या उजव्या हाताला अंगठा होता, एक बोट होते, डावा हात अखंड होता, नजर शाबूत होती आणि कापसाची पारख होती. हे कोणत्याही कोष्टकात नव्हते.

आज व्यवस्था बदलली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या. ४० टक्के किंवा त्याहून अधिकचे प्रमाणपत्र असले की सवलती मिळतात. शब्दही बदलला, ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला. आदराचा शब्द आला याचा मला आनंदच आहे. परंतु प्रमाणपत्र अजून काय गेले तेवढेच सांगते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, आणि त्यांतले दहापैकी जवळजवळ सात खेड्यांत राहणारे आहेत. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के जागा खेड्यातल्या किती जणांपर्यंत पोहोचणार? खेड्यात काम म्हणजे शेती. आणि शेतीचे काम कसे असते? वखरणी, डवरणी, निंदण, सोंगणी, कापूस वेचणे. वाकावे लागते, चिखलातून चालावे लागते, ओझे वाहावे लागते. ज्याचा पाय पोलिओने गेला, ज्याचे डोळे गेले, त्याला आपण म्हणतो, “तू बस बापा सावलीत.” हे आपण प्रेमाने म्हणतो, पण बसलेल्या माणसाला मजुरी नसते, आणि मजुरी नसलेल्याला घरात मतही नसते.

या स्थितीला पहिला धक्का कोणी दिला? तो आपल्या विदर्भानेच दिला, आणि ज्यांना समाजाने सर्वांत दूर लोटले होते त्यांच्या हातांनी दिला. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभी केली. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापून तपोवन वसविले. १९४९ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्यास महारोगी सेवा समिती काढली आणि १९५१ साली आनंदवनाच्या खडकाळ जमिनीवर पहिली कुदळ मारली. बरोबर पत्नी साधनाताई, दोन तान्ही मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. हे बाबा आमटे त्याआधी वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि त्यांनी तेथील सफाई कामगारांची संघटना बांधली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मला ते विशेष वाटते. कामगारांची चळवळ आणि अपंगांची चळवळ ही दोन वेगळी गावे नाहीत. त्यांच्यामध्ये पायवाट आहे आणि बाबा त्या वाटेने गेले.

आनंदवनात त्या झडलेल्या बोटांनी विहीर खणली, धान्य पिकविले, भाजी पिकविली. मग अडचण निराळीच आली. भाजी उत्तम, पण वरोऱ्याच्या बाजारात ती कोणी घेईना. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तिथलीच भाजी खाऊ लागले, तेव्हा गावाची भीती मोडू लागली. यातला धडा ध्यानात ठेवावा. अपंगाने माल पिकविणे हे अर्धे काम. गावाने तो माल म्हणून विकत घेणे हे दुसरे अर्धे. आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. आनंदवनात अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग अशा सर्वांसाठी शाळा व संधिनिकेतनासारखे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. परंतु मूळ गोष्ट तीच राहिली : उरले काय याचा हिशेब.

आता मातीविना शेतीकडे येतो. इंग्रजीत हिला हायड्रोपोनिक्स म्हणतात. मी कोश काढून पाहिला. तो शब्द ग्रीक भाषेतल्या दोन शब्दांचा झाला आहे : एक पाणी आणि दुसरा श्रम. मला फार बरे वाटले. त्या नावात माती नाही, पण मजूर आहे!

झाड मातीतून काय घेते? पाण्यात विरघळलेले क्षार घेते : नत्र, स्फुरद, पालाश, चुना आणि आणखी काही थोडेथोडे. मुळांना आधार आणि हवा लागते. हे सर्व मातीवाचून पुरविता आले तर झाड वाढते, हे जर्मनीतल्या युलियस साख्स आणि विल्हेल्म क्नॉप या शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास दाखविले. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेरिक या प्राध्यापकांनी १९२९ पासून त्याची शेती करून पाहिली आणि १९३७ साली तिला हे नाव चालू केले. आपल्या देशातही हे नवे नाही. १९४६ साली बंगालमध्ये कालिंपोंगला शोल्टो डग्लस यांनी रेती-खडी घालून साध्या, स्वस्त सामानाने ती करण्याची पद्धत बसविली. ती पुढे ‘बंगाल पद्धत’ म्हणूनच जगात ओळखली गेली. आज नळ्यांतून पाण्याची पातळ धार सोडतात, किंवा टाकीवर छिद्रांची फळी तरंगवतात, किंवा नारळाच्या काथ्याच्या भुशात रोप धरतात. पालक, पुदिना, कोथिंबीर, सलाडची पाने अशी लवकर येणारी पिके त्यात चांगली येतात. वापरलेले पाणी पुन्हा फिरत असल्यामुळे पाणीही पुष्कळ कमी लागते.

यात अपंगाचा संबंध कोठे आला? संबंध एकाच गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे उंची. जमीन आपण वर उचलू शकत नाही; नळी उचलू शकतो. शेत कमरेइतक्या उंचीवर आणले की चाकाच्या खुर्चीतला मनुष्य त्याच्या बांधावर जाऊ शकतो. वाटा सपाट करता येतात. रोपांच्या रांगा ठरलेल्या अंतरावर असतात, त्यामुळे अंधाला हाताने मोजत जाता येते. वाकणे नाही, चिखल नाही, ओझे नाही. शंभर वर्षे आपण माणसाला वावराच्या पातळीवर वाकवीत आलो. येथे वावर माणसाच्या पातळीवर येते.

जपानमध्ये हामामात्सु शहरात क्योमारू-एन नावाची अशी पाण्यावरची शेती आहे. तेथे अपंग व्यक्तींना नियमित कामावर घेतात. तिथली एक हकीकत मी वाचली, ती मला आमच्या संघटनेच्या प्रत्येक सभेत सांगावीशी वाटते. कांद्याच्या कोवळ्या पातीची रोपे स्पंजासकट एका खाचेत बसवायची असत. मालकाची समजूत अशी की, हे काम कसलेल्या बोटांचेच. अपंग मुलांना ते जमणार नाही. विशेष शाळेतल्या एका शिक्षकाने ते पाहिले आणि मुले वहीच्या पानाखाली ठेवतात तशी प्लॅस्टिकची पट्टी घेऊन तो आला. त्या पट्टीने त्याने रोपांची सबंध रांग खाचेत सरकवून दिली. काम कोणालाही जमण्याजोगे झाले! हुशारी बोटांत असावी लागते असे जे वाटत होते, ती हत्यारात घालता आली. त्याच शेतीवर कीड ओढून घेणारे एक ढकलगाडे आहे. ते जितके सावकाश ढकलावे तितकी कीड अधिक निघते. जो मनुष्य सावकाश चालतो म्हणून सर्वत्र नाकारला गेला, तो त्या कामात सर्वांत चांगला ठरतो.

अमेरिकेत वायोमिंग संस्थानातल्या जॅक्सन या बर्फाळ गावी २०१६ साली तीन मजली काचघर उघडले. तेथे बौद्धिक अपंगत्व असलेली मंडळी कामाला आहेत आणि काही रोपांच्या रांगा रहाटासारख्या फिरून कामगाराजवळ येतात. परदेशाची ही दोन उदाहरणे मी कौतुकासाठी दिली नाहीत. आपण मनुष्य तपासतो आणि म्हणतो, “हा या कामाला नालायक.” तेथे त्यांनी काम तपासले आणि म्हटले, “हे काम या माणसाला नालायक आहे, ते दुरुस्त करा.”

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर मी मालाची जाहिरात करणारा ठरेन. या शेतीला वीज लागते. पातळ धारेच्या पद्धतीत उन्हाळ्यात पंप बंद पडला तर काही तासांत रोपे माना टाकतात. आणि आपल्याकडे वीज जाते हे कोणाला सांगायला नको. म्हणून आपल्यासारख्यांनी टाकीची पद्धत घ्यावी, तीत मुळांपाशी पाण्याचा साठा राहतो. पाणी खारे असेल तर हिशेब चुकतो. शेजारच्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याला हा प्रश्न मोठा आहे. क्षार दोन वेगळ्या टाक्यांत कालवावे लागतात, कारण घट्ट द्रावणे एकत्र केली तर चुन्याचा साका होऊन तळाशी बसतो. आणि मुख्य म्हणजे सोयाबीन, तूर, कापूस यांची जागा ही शेती घेणार नाही. हिवाळ्यात मातीतला पालक मातीमोल भावाने विकला जातो, तेव्हा नळीतला पालक त्याच्यापुढे टिकणार नाही. जो कोणी तुम्हांला यात घरबसल्या लक्षाधीश करण्याचे सांगेल, त्याला पाणी पाजून वाटेला लावावे.

मग धनजमध्ये काय करता येईल? मी लहान आरंभ सुचवितो. पहिली पायरी हिरव्या चाऱ्याची. मका भिजवून, मोड आणून, तबकांत पसरावा. वर नुसते पाणी शिंपडत राहावे. सात-आठ दिवसांत एक किलो मक्याचा पाच ते सहा किलो हिरवा चारा होतो. वजन वाढते ते पाण्याचे, पेंडीची जागा तो घेत नाही, हेही सांगतो. परंतु उन्हाळ्यात दुभत्या जनावराला हिरवे मिळते, गिऱ्हाईक गावातच असते, आणि बुरशी न येऊ देण्याची स्वच्छता सांभाळली तर सर्व काम बसून होते. दुसरी पायरी रोपांची : मिरची, वांगी, टमाटर यांची रोपे काथ्याच्या भुशात, तबकांत करावी. शेतकरी ती आजही विकत आणतोच. या दोहोंत हात बसला, हिशेब बसला, की मग तिसरी पायरी पाण्यावरच्या पालेभाजीची.

पैसा कोठून यावा? ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे असा शासनाचा आदेश आहे. पुष्कळ ठिकाणी त्यातून वस्तूंचे वाटप होते किंवा थोडी रक्कम हातावर ठेवली जाते. ज्याची चूल त्यावर पेटते त्याची ती बंद करा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण चार-पाच गावांनी मिळून त्या निधीतला काही भाग एका जाळीच्या शेडला, कमरेइतक्या उंच घडवंच्यांना आणि सपाट वाटेला दिला, तर वाटप एकदा होण्याऐवजी मजुरी दर आठवड्याला होईल. ग्रामसभेत हा ठराव कोणी मांडायचा? मी म्हणतो, ज्यांचा तो निधी आहे त्यांनीच मांडावा. ग्रामसभेच्या जागेला पायऱ्या असतील तर प्रथम त्या पायऱ्यांचा ठराव मांडावा.

शेवटचा मुद्दा मजुरीचा, आणि त्यावर मी थोडा कठोर होणार आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात सव्विसावे कलम होते. त्याप्रमाणे सरकारला अपंग कामगारांना किमान वेतनाच्या तरतुदींतून वगळता येत असे. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातही अपंगाला कमी मजुरी देण्याची परवानगी घालून ठेवली होती. आपला १९४८ चा कायदा जाऊन आता वेतन संहिता आली आहे. परंतु त्या कलमामागचे मन कायद्याच्या पुस्तकात राहत नाही, ते आपल्या मनात राहते. “आम्ही त्याला काम दिले हेच पुष्कळ, वर पुरी मजुरी कशाला?” असे म्हणणारे सज्जन मला फार भेटतात. सज्जनच असतात, म्हणून अधिक भीती वाटते.

यावर एक प्रामाणिक प्रश्न येतो, तो टाळू नये. एखाद्याच्या हातून निम्मेच काम होत असेल तर पुरी मजुरी कोणी द्यायची? माझे उत्तर असे. पहिल्याने काम दुरुस्त करा. पट्टी द्या, उंची द्या, वाट द्या. हे केल्यावाचून मोजणी करण्याचा कोणाला अधिकार नाही. काम दुरुस्त करूनही तूट राहिली, तर ती समाजाने भरावी, पंचायतीने भरावी, शासनाने भरावी. ती त्या माणसाच्या पोटातून कापू नये. आणि ते शेड देणगीदाराच्या नावाचे नसावे, तिथे काम करणाऱ्यांच्या सहकारी संस्थेचे असावे. हजेरीपट त्यांनी ठेवावा, भाव त्यांनी ठरवावा, चूक झाली तर त्यांचीच व्हावी. चूक करण्याचा हक्क नसलेला मनुष्य कामगार होत नाही, तो आश्रित राहतो.

तो तीन बोटे गेलेला मजूर आज साठीकडे झुकला आहे. मागल्या पावसाळ्याआधी मी त्याला रोपांची दोन तबके नेऊन दिली आणि म्हटले, करून पाहा. अंगठा आणि एक बोट यांच्या चिमटीत तो मिरचीचे एकेक बी उचलीत होता. बी बारीक असते. माझ्या पाच बोटांतून ते निसटत होते. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. त्याने दोन तबकांचे पैसे सांगितले, मी दिले. घासाघीस केली नाही, आणि जास्तही दिले नाहीत.

गेलेल्या बोटांचे कोष्टक सरकारने केव्हाच छापले आहे. उरलेल्या हाताचे कोष्टक गावाला करावे लागेल. धनजच्या ग्रामसभेत ते काम सुरू व्हावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.